एओविनचं स्थळ

मुलगी २४ वर्षांची. राजाची भाची. आईवडील लहानपणीच गेले, मामाने वाढवलं. घोड्यावर मांड पक्की, तलवार चालवते, स्वभाव जरा तुटक. पहिलं स्थळ एका रानोमाळ हिंडणाऱ्या वीराचं. घराणं थोर, राज्य अजून मिळायचंय, वय ८८. दुसरं स्थळ कारभाऱ्याच्या धाकट्या मुलाचं. वय पस्तीस-छत्तीस, वाचनाची आवड, वडिलांशी पटत नाही.

या मुलीच्या लग्नावरून आमच्या घरात गेली कित्येक वर्षं वाद चालू आहे. आमचं तिच्याशी नातं काहीच नाही, आम्ही नुसते पुस्तक वाचणारे. मुलगी म्हणजे टॉल्कीनच्या ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या कादंबरीतली एओविन. तिचं दुसऱ्या स्थळाशी, फारामीरशी, ठरलं. ते ज्या खंडात ठरलं तो १९५५ साली छापून आला. म्हणजे गोष्ट पक्की होऊन सत्तर वर्षं झाली. माझा धाकटा भाऊ मात्र अजून पहिल्या स्थळाचा, अ‍ॅरागॉर्नचा, हट्ट सोडायला तयार नाही.

तो मूळचा चित्रपटवाला. २००२ साली दुसरा भाग आला तेव्हा कॉलेजात होता. पडद्यावर एओविन ज्या नजरेने अ‍ॅरागॉर्नकडे बघते ती बघून याने तिथल्या तिथे लग्न लावून टाकलं. पुस्तक नंतर वाचलं, आणि तेव्हापासून पुस्तकावर रागावून आहे.

माझी भाची, बहिणीची मुलगी, अगदी उलट. आधी पुस्तक, तेही शेवटची परिशिष्टं, सनावळ्या, वंशावळी यांसकट. चित्रपटाच्या लांबवलेल्या आवृत्तीत अ‍ॅरागॉर्न आपलं वय ८७ सांगतो. ही माझ्या भावाला म्हणाली, ‘‘चूक. त्याचा जन्म १ मार्चचा, आणि तो एओविनच्या दारात येतो २ मार्चला. म्हणजे आदल्याच दिवशी ८८ पुरी झाली, मामा.’’ लग्नाच्या वादात एका दिवसाने काय फरक पडतो, असं तुम्हाला वाटेल. तुम्ही कधी पत्रिका जुळवायला बसलेल्या माणसांच्या शेजारी बसलेला नाहीत.

या उद्योगाला आता ‘शिप’ म्हणतात. रिलेशनशिप या शब्दाचं शेपूट तेवढं ठेवलं आहे. नव्वदच्या दशकात एका अमेरिकन मालिकेतल्या दोन गुप्तहेरांचं जमावं म्हणून देव पाण्यात घालून बसलेल्या प्रेक्षकांपासून हा शब्द रुळला म्हणतात. भाची म्हणते, ‘‘मी एओविन-फारामीर शिप करते.’’ आईने हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा विचारलं होतं, ‘‘कुठलं जहाज?’’

यंदा वाद पेटला तो वटपौर्णिमेच्या दुपारी. वहिनी सोसायटीच्या कोपऱ्यातल्या वडाला सूत गुंडाळून आली होती. बाबा गेल्यापासून आई वडाला जात नाही, पण वाणाची तयारी अजून तीच करते. आंबा, फणसाचे गरे, करवंदं, केळं, जांभळं, सगळं आदल्या दिवशी मंडईतून आणून, निवडून, सुपात रचून देते. वाण देऊन उरलेली जांभळं एका पातेल्यात मीठ लावून टेबलावर होती. शेजारी बियांसाठी बशी. बिया टाकायच्या नाहीत, हा आमच्याकडचा जुना नियम. बाबांना साखर निघाली तेव्हापासून आई त्या वाळवून, कुटून, बरणीत भरून ठेवते.

भावाने पहिला घाव घातला. ‘‘पाच दिवसांत प्रेम बसतं का कुणाचं?’’

मुद्दा तसा बिनतोड आहे. एओविन रणांगणात त्या काळ्या सरदाराला मारते आणि स्वतः मरता मरता वाचते. रुग्णालयात तिला फारामीर भेटतो, तोही जखमी. दोघं तटावर उभे राहून पूर्वेकडे बघत राहतात, कारण युद्धाचा निकाल तिकडून यायचा आहे. तो तिला आपल्या वारलेल्या आईचा निळा, चांदण्या काढलेला झगा पांघरायला देतो. पाचव्या दिवशी निकाल लागतो तेव्हा त्यांचे हात एकमेकांच्या हातात असतात.

हीच तक्रार टॉल्कीनच्या हयातीतही एका वाचकाने केली होती. त्याला उत्तर म्हणून टॉल्कीनने १९६३ च्या सुमारास एका पत्राचा खर्डा केला, तो उपलब्ध आहे. मरण समोर दिसत असताना माणसाच्या भावना आणि निर्णय फार लवकर पिकतात, असा आपला अनुभव असल्याचं तो त्यात लिहितो. अनुभव हा शब्द तिथे शोभेचा नाही. त्याने स्वतः मार्च १९१६ मध्ये लग्न केलं आणि जूनमध्ये तो फ्रान्सच्या आघाडीवर गेला. पुढच्याच महिन्यात सॉमची लढाई सुरू झाली.

त्याच्या लग्नाची आधीची गोष्टही एखाद्या मालिकेसारखी आहे. ती तीन वर्षांनी मोठी, दोघंही अनाथ. त्याच्या पालक पाद्रीबाबांनी फर्मान काढलं की २१ पूर्ण होईपर्यंत तिला भेटायचं नाही, पत्र लिहायचं नाही. त्याने ते पाळलं. ३ जानेवारी १९१३ ला २१ पूर्ण झाली आणि त्याच रात्री पत्र लिहिलं. उत्तर आलं की तिचं दुसरीकडे ठरलंय. पाच दिवसांनी हा आगगाडीत बसून तिच्या गावी हजर झाला. संध्याकाळपर्यंत ते दुसरं स्थळ मोडलेलं होतं.

‘‘बघ, इथेही पाचच दिवस,’’ भाची म्हणाली.

भावाकडे मात्र एक हुकमाचं पान आहे आणि ते तो दर वेळी नव्याने सापडल्यासारखं काढतो. टॉल्कीनच्या कच्च्या आराखड्यांत अ‍ॅरागॉर्न आणि एओविन यांचंच जमणार होतं. मुलाने पुढे वडिलांचे खर्डे छापले, त्यात हे सगळं आहे. मग एका टिपणात टॉल्कीनने स्वतःलाच बजावलं की हे प्रेमप्रकरण काढून टाक, हा तिच्या मानाने फार वयस्कर, फार उग्र आहे. एकदा तर एओविनला मारूनच टाकावं आणि याने मग जन्मभर लग्नच करू नये, असाही बेत होता. आर्वेन, जी शेवटी अ‍ॅरागॉर्नची राणी होते, ती कथेत इतकी उशिरा आली की तिची प्रेमकथा परिशिष्टात ढकलावी लागली. मुख्य गोष्टीत ती फार थोडी दिसते आणि बोलते त्याहून थोडी. चित्रपटवाल्यांनी तिला पुढे आणायची धडपड केली. एका लढाईत तिच्या हाती तलवार देऊन चित्रणही केलं आणि मग गुपचूप कापून टाकलं.

‘‘म्हणजे लेखकाचं पहिलं मन माझ्या बाजूने होतं,’’ भाऊ म्हणाला.

‘‘अरे, बोलणी फिसकटलेलं स्थळ ते,’’ आई म्हणाली. ‘‘त्याचं काय घेऊन बसलास?’’

माझ्या मनात वेगळीच अढी आहे. लग्न कुणाशीही होवो, पण पोरीने तलवार का खाली ठेवली? जिने कुणाला न मारता येणारा तो सरदार मारला, ती शेवटी म्हणते की आता मी जखमा बऱ्या करीन, उगवणाऱ्या गोष्टींवर माया करीन. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटलं होतं. आमच्या वेळेला शाळेत कबड्डी खेळणाऱ्या सगळ्या मुली अशाच एकेक करून ‘सुधारल्या’ होत्या. भाचीला हे पटत नाही. ती म्हणते, त्या गोष्टीत राजा ओळखायची खूणच अशी आहे की त्याच्या हाताने जखमा बऱ्या होतात. आणि फारामीरलाही तलवारीच्या धारेचं कौतुक नाही. सगळेच शस्त्रं ठेवून बाहेर पडताहेत, मग एकट्या एओविनला का धरतेस, मावशी? यावर माझ्याकडे उत्तर नाही. अढी तरीही आहे.

खरं सांगायचं तर त्या सबंध पुस्तकातलं मला मनापासून पटलेलं लग्न एकच, आणि ते मोडलेलं आहे. एन्ट नावाचे ते चालते-बोलते वृक्षपुरुष आणि त्यांच्या बायका. नवऱ्यांना रान आवडायचं, आपोआप वाढलेलं, कुणी हात न लावलेलं. बायकांना बागा आवडायच्या, वाफे, फळझाडं, वेळच्या वेळी येणारं पीक. नवरे भटकायला जात, बायका नदीपलीकडे बागा करत. येणंजाणं कमी होत गेलं. मग एकदा नवरे भेटायला गेले तर बागा जळून खाक आणि बायकांचा पत्ता नाही. तो बुजुर्ग एन्ट नव्याने भेटलेल्या पोरांना सांगतो की तुमच्या मुलखात कुणी दिसली तर कळवा हं. टॉल्कीनने पुढे एका पत्रात म्हटलंय की त्या बहुधा कायमच्याच नाहीशा झाल्या असाव्यात. आमचे हे दर रविवारी पहाटे साडेचारला पाठीवर सॅक टाकून कुठल्या तरी गडावर जातात आणि मी गॅलरीत जास्वंदीवरचा मावा पुसत बसते. त्यामुळे हे प्रकरण मी पुन्हा वाचत नाही.

स्थळांचा वाद थकला की आमच्याकडे दुसरा सुरू होतो, ‘हे कुठून उचललं’चा. यात भाऊ पटाईत. बुटक्यांची नावं आइसलँडच्या जुन्या काव्यातल्या एका यादीतून, जादूगार गँडाल्फसुद्धा त्याच यादीतला. टॉल्कीनच्या दुसऱ्या एका कथेतला शापित तूरिन फिनलंडच्या दंतकथेतल्या कुल्लेर्वोवरून. वाग्नेरच्या संगीतिकेतली अंगठी आणि याची अंगठी एकच, या दाव्यावर टॉल्कीनने दिलेलं उत्तर भावाला तोंडपाठ आहे. दोन्ही अंगठ्या गोल होत्या, साम्य तिथेच संपतं! एन्ट आले ते शेक्सपिअरवर चिडून. ‘मॅकबेथ’मध्ये रान चालून येणार म्हणून भविष्य सांगतात आणि प्रत्यक्षात येतात फांद्या धरलेले शिपाई. शाळकरी टॉल्कीनला ही फसवणूक वाटली आणि त्याने पुढे झाडं खरोखर चालवली.

इथपर्यंत ठीक असतं. पुढे गाडी आपल्याकडे वळते. ‘कुठल्याही पुरुषाच्या हातून मरणार नाही’ असं ज्याच्याबद्दल भाकीत आहे त्याला एओविन मारते, हे वाचून इंग्रजी वाचकाला पुन्हा मॅकबेथ आठवतो. आपल्याला दुसरं काय आठवणार? महिषासुर. वरातली फट शोधायचं शिक्षण आपल्याला नवरात्रात फुकट मिळतं. म्हणून काही टॉल्कीनने देवीमाहात्म्य समोर ठेवून लिहिलं असं होत नाही. पण प्रत्येक कुटुंबात एक काका असतात, ज्यांच्या मते जगातली प्रत्येक गोष्ट इथून तिकडे गेली. टॉल्कीन ऑक्सफर्डला अँग्लो-सॅक्सनचा प्राध्यापक होता, त्याचा सगळा जीव उत्तरेकडच्या बर्फाळ भाषांत. त्याला त्याचं माहेर असू द्यावं. परीकथांवरच्या व्याख्यानात तो एका जुन्या अभ्यासकाचं वाक्य आठवून सांगतो की समोर आलेलं सूप प्यावं, ते कुठल्या बैलाच्या हाडांचं ते शोधत बसू नये. आमच्या घरात हे जमणं कठीण आहे. आमटीचा भुरका मारण्याआधी आंबट चिंचेचं की कोकमाचं, हे ठरावं लागतं.

त्या दुपारी मात्र उलट झालं. भाची आजीला बेरेन आणि ल्यूथिएनची गोष्ट सांगत होती. टॉल्कीनच्या सगळ्या लेखनाच्या तळाशी असलेली ही गोष्ट. १९१७ साली आजारी रजेवर असताना यॉर्कशरच्या एका रानात, पांढऱ्या फुलांत त्याची बायको त्याच्यासाठी नाचली, तिथून ती सुचली. ऑक्सफर्डला दोघांच्या थडग्यावर नावांखाली तीच दोन नावं कोरली आहेत, तिच्या खाली ल्यूथिएन, याच्या खाली बेरेन. गोष्टीत बेरेन मर्त्य मानव, ल्यूथिएन अमर. तो मरतो. ती त्याच्यामागे मृतांच्या देवापर्यंत जाते आणि तिथे गाते. कधीही न द्रवलेला तो देव द्रवतो आणि बेरेनला परत पाठवतो. बदल्यात तिला अमरत्व सोडावं लागतं.

आई जांभूळ तोंडात धरून ऐकत होती. बी बशीत टाकून म्हणाली, ‘‘ही तर सावित्री.’’

भाऊ म्हणाला, ‘‘नाही गं. टॉल्कीनने स्वतःच म्हटलंय, ऑर्फिअसची ग्रीक गोष्ट उलटी केली म्हणून. तिथे नवरा बायकोला आणायला जातो.’’

‘‘असेल. पण सावित्री गायली नाही हं,’’ आई म्हणाली. ‘‘ती बोलली. यमाच्या मागून चालता चालता बोलत राहिली. आधी सासऱ्याचे डोळे मागितले, मग त्याचं राज्य. मग बापाला शंभर मुलगे आणि मग स्वतःला शंभर. तिथे यम अडकला. नवरा नाही तर मुलगे कुठून व्हायचे?’’ आणि थोडं थांबून, ‘‘तिला काही सोडावं लागलं नाही. उलट चारशे वर्षांचं आयुष्य मिळालं त्याला.’’

‘‘सत्यवान त्या गोष्टीत करतो काय?’’ भाचीने विचारलं.

‘‘लाकडं तोडतो. डोकं दुखतं म्हणून झोपतो.’’

‘‘बेरेनचा निदान हात तरी तुटतो, लांडगा तोडतो.’’

‘‘सत्यवानाचं सोड,’’ आई म्हणाली. ‘‘सावित्रीने रथात बसून, देश हिंडून स्वतः स्थळ शोधलं होतं. वर्षभरात मरणार म्हणून नारदाने सांगितलं, तरी बदललं नाही. हे तुमच्या एओविनला जमलं असतं?’’

मग जांभळांवरून विषय साहजिकच द्रौपदीवर गेला. आईने शाहीर विठ्ठल उमपांचं ‘जांभूळ आख्यान’ रंगमंचावर पाहिलेलं आहे. ती गोष्ट ती अजून रंगून सांगते. वनवासात कुणी तरी जांभूळ तोडतं, ते देठाला परत चिकटवायचं तर प्रत्येकाने मनातलं खरं बोलायचं. पांडव बोलतात तसं फळ वर चढतं, द्रौपदी झाकून बोलते तसं खाली येतं. शेवटी तिला कबूल करावं लागतं की कर्णाला पाहून मन पाघळलं होतं.

‘‘म्हणजे द्रौपदी-कर्ण शिप!’’ भाचीची जीभ जांभळी, डोळे मोठे. ‘‘पण आजी, हे कॅनन नाही ना? फॅनफिक झालं हे.’’

‘‘कॅनन म्हणजे?’’

‘‘म्हणजे मूळ पुस्तकात असलेलं, खरं. चाहत्यांनी मागाहून रचलेलं ते फॅनफिक.’’

मूळ पुस्तक म्हणजे कोणतं, हे ठरवायला आमच्याच पुण्यात, भांडारकर संस्थेत, पंडितांच्या पिढ्या बसल्या. १९१९ ते १९६६, तब्बल १२५९ हस्तलिखितं. आणि निघालं काय? ‘मी सूताला वरणार नाही’ हे द्रौपदीचं स्वयंवरातलं गाजलेलं वाक्य संशोधित पाठातून बाहेर पडून तळटीपेत गेलं. म्हणजे कर्णाला नाकारणारी द्रौपदीही कुणीतरी मागाहून घातलेली, आणि त्याच्यासाठी झुरणारीही. दोन्हीकडचे पक्ष महाभारताच्या बाहेर उभे राहून भांडताहेत. भाचीला मी हे सांगितलं तेव्हा ती इतकी खूश झाली की तिने दोन जांभळं एकदम तोंडात टाकली.

चहा झाला. वहिनीचा उपास, तिने नुसतं दूध घेतलं. आईने पुन्हा विचारलं, ‘‘आणि त्या ८८ वाल्याचं काय झालं पुढे?’’

‘‘१२० हून जास्त वर्षं राज्य केलं. २१० व्या वर्षी गेला, आपणहून. हवं तेव्हा देह ठेवायची देणगी होती त्याच्या कुळाला.’’

‘‘भीष्म,’’ भाऊ म्हणाला. या वेळी कुणी वाद घातला नाही.

‘‘आणि ती? आर्वेन?’’

‘‘ती त्याला राहा म्हणाली. तो राहिला नाही. मग ती एकटी रानात निघून गेली. तिथलेही सगळे आधीच गेलेले होते. हिवाळा संपायच्या आत गेली.’’

आई थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘‘ती त्या ल्यूथिएनच्याच घराण्यातली ना?’’

‘‘हो, तिचीच वंशज. दिसायलाही अगदी तिच्यासारखी.’’

‘‘मग ही का नाही गेली मागे? गायली का नाही?’’

भाऊ उठून पुस्तक घेऊन आला. परिशिष्टाची पानं उलटली, जांभळाचे डाग पडू नयेत म्हणून हात मागे घेतले आणि भाचीकडे दिलं. तिने उभ्या उभ्या मनात वाचलं आणि मग सांगितलं, ‘‘तो तिला म्हणतो, अजून पश्चात्ताप वाटत असेल तर बंदरावर जा, समुद्रापलीकडे निघून जा. ती म्हणते, ते आता उरलं नाही. मला नेणारं जहाजच राहिलं नाही.’’

‘‘हे जहाज म्हणजे तुमचं ते नव्हे ना?’’ आईने विचारलं.

‘‘नाही आजी. खरंच जहाज.’’

आईने पातेल्यात राहिलेली चार जांभळं वहिनीच्या दुसऱ्या दिवसासाठी झाकून ठेवली आणि बियांची बशी घेऊन ती गॅलरीत गेली.